राक्षसाला श्वास हवा

स्वरदा टिपणीसच्या राक्षसाकडे सगळं होतं, फक्त श्वास नव्हता.

आता राक्षस म्हणजे काही साधासुधा नव्हे. डोंगराएवढा, पाठीवर झाडं उगवलेला, हजार वर्षं जमिनीखाली गाढ झोपलेला. एका नव्या व्हिडिओ गेममध्ये, ऐन मध्यावर, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं एक दृश्य होतं. लढाया थांबवायच्या, हातातला रिमोट सैल सोडायचा आणि सिनेमासारखं नुसतं बघायचं. डोंगर हलतो, माती घरंगळते, राक्षस डोळे उघडतो आणि तीन श्वास घेतो. एवढंच. चित्र तयार होतं, आणि काय चित्र होतं म्हणून सांगू! पण मुकं. सिनेमात निदान शूटिंगच्या वेळचा काहीतरी आवाज हाताशी असतो. इथे चित्रच कॉम्प्युटरमध्ये जन्मलेलं, त्यात पानाची सळसळसुद्धा कुणीतरी बसून घालायची असते. हे कुणीतरी म्हणजे आपली स्वरदा. वय सत्तावीस, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्याशा साउंड स्टुडिओत नोकरीला.

माती तिने झकास केली होती. सुपात तांदूळ आणि खडे पाखडून असा काही घरंगळणारा डोंगर केला की ज्याचं नाव ते. मुळं तटातट तुटतात तिथे दोन किलो शेवग्याच्या शेंगा मोडल्या, आणि पुढचे चार दिवस अख्ख्या स्टुडिओने डब्यात शेवग्याच्या शेंगांची आमटी खाल्ली. पण श्वासापाशी आलं की घोडं पेंड खायचं.

त्यात गेमचा दिग्दर्शक ओजस. हा मुलुंडमध्ये जन्मलेला, मुलुंडमध्ये वाढलेला आणि कानाचा भलताच तिखट माणूस. पहिल्या खेपेला स्वरदाने रिक्षाचं इंजिन घेतलं, पार संथ केलं, त्यात बैलाचा हुंकार मिसळला. ओजसने दहाव्या सेकंदाला हात वर केला.

"ही रिक्षा आहे."

"अं... थोडीशी," स्वरदा म्हणाली.

"सीएनजीची. आणि सुरू होत नाहीये."

दुसऱ्या खेपेला वाघाची गुरगुर आणि तिच्याखाली जेसीबी. ओजस म्हणाला, "आमच्या बिल्डिंगसमोर चार वर्षं खणत होते. मला जेसीबी शिकवू नकोस यार." मग खुर्ची पुढे ओढून त्याने समजावून सांगितलं. तो चिडत नसे, हीच पंचाईत होती. चिडला असता तर निदान भांडता आलं असतं. "हे बघ, भीती मला नकोच आहे. भीती चित्रात आहे. मला ह्याची दया आली पाहिजे. कुणीतरी उठवलंय ना बिचाऱ्याला. चाचणीला बसवलेली पोरं विसाव्या सेकंदाला बटण दाबून सीन पुढे ढकलतात. तो अंगठा थांबला पाहिजे. आणि ह्यात रिक्षा आहे की मिक्सर, हे कुणाला ओळखता कामा नये. ओळखलं की राक्षस मेला."

तो गेल्यावर स्टुडिओचा मालक मुकुल दारात उभा राहिला. मुकुल मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. "सोमवारी अकराला येतोय परत. ह्या वेळी नाही जमलं ना, तर सीन चेंबूरच्या पार्टीकडे जाणार, असं त्याने मला सरळ सांगितलंय. मग तू आहेस आणि तुझे खोकले आहेत."

खोकले म्हणजे काय ते सांगायला हवं. नट मंडळी माइकसमोर संवाद बोलतात तेव्हा मध्येच खोकतात, ओठ चाटतात, आवंढे गिळतात. ते सगळं कापून संवाद स्वच्छ करायचे. स्वरदाने तीन वर्षं तेच केलं होतं. हा राक्षस तिने मुकुलशी भांडून मागून घेतला होता, तिचा स्वतःचा पहिला अख्खा सीन. परत खोकल्यांकडे तिला मुळीच जायचं नव्हतं.

आणि रविवार उजाडला तो टाकी धुण्याचा.

स्वरदाचं घर घाटकोपर पूर्वेला, शुभानन सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. तिचे बाबा श्यामसुंदर टिपणीस बँकेतून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे अकरा वर्षं बिनविरोध सेक्रेटरी. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभंच राहत नसे. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मागे एकांच्या घरी बारशाचे पाहुणे आले होते, तरी त्यांना दहा मिनिटं जास्त पाणी मिळालं नव्हतं. मुलीच्या कामाबद्दल मात्र त्यांचा शब्द जरा अडखळायचा. नातेवाइकांनी विचारलं की ते "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून विषय बदलत. घरात एकदा म्हणाले होते, "एवढं शिकून पोरगी सुपं वाजवते." स्वरदा तेव्हा हसली होती, पण ते तिच्या मनाला लागलं होतं.

तर त्या दिवशी सकाळी नऊ ते एक पाणी बंद. आईने, म्हणजे कुंदाताईंनी, बादल्या, टप, कुकर, घरात जे जे पोकळ होतं ते ते भरून ठेवलं. इडलीपात्रसुद्धा भरलं. त्या पाणवठ्याच्या मधोमध स्वरदा हेडफोन लावून बसली होती. तिने स्वतःचाच श्वास रेकॉर्ड करून जाड करून बघितला, तर राक्षसाला दमा झाल्यासारखं वाटायला लागलं. तिने हात टेकले. उद्या ओजसला फोन करून सरळ सांगून टाकावं असंही एकदा मनात आलं.

बरोबर एक वाजता बाबांनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. आणि मोरीतला नळ बोलला.

पाणी खरंच गेलंय का हे बघायला तो नळ कुंदाताईंनी सकाळी उघडला होता आणि तसाच विसरल्या होत्या. मुंबईत टाकी धुण्याच्या दिवशी प्रत्येक घरात कुणीतरी हे करतंच. आधी लांबून, पाइपाच्या पोटातून एक हुंकार आला. मग घरघर. मग एक लांबच लांब, कापरा उसासा. आणि शेवटी फट्फट् करत पाणी. स्वरदाने जन्मापासून हजार वेळा ऐकलेला आवाज, पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती रेकॉर्डर घेऊन धावली. वाटेत एक बादली लवंडली, कुंदाताई "अगं अगं अगं" करत राहिल्या. मोरीतला नळ तोवर वाहू लागला होता, पण स्वयंपाकघरातल्या नळात अजून हवा होती. तिने तो उघडला आणि मिळाला तेवढा उसासा पकडला.

तीन तास बसून तिने तो चित्रावर चढवला. भीती वाटत नव्हती, दया येत होती. पण ओजसचा कान! मुलुंडमध्ये काय टाक्या धूत नाहीत? ह्याची परीक्षा घ्यायला त्याच्याहून कडक कान हवा होता, आणि तसा कान घरातच चहात बिस्किट बुडवत बसला होता.

"बाबा, दोन मिनिटं हे बघा ना. काही बोलू नका, नुसतं बघा."

बाबांनी बघितलं. राक्षसाने पहिला श्वास सोडला मात्र, ते म्हणाले, "स्वयंपाकघरातला नळ."

"अहो बाबा..."

"आपलाच. वॉशर गेलाय त्याचा."

स्वरदाचं तोंड एवढंसं झालं, आणि मग ती चक्क रडायला लागली. सत्तावीस वर्षांची घोडी, पण हुंदके देऊन रडली. बाबांना काही सुधरेना. ते घाबरून म्हणाले, "अगं, रडतेस काय? वॉशर बदलतो मी!" त्यावर ती रडता रडता हसली, आणि मग तिने सगळं सांगितलं. ओजस, रिक्षा, जेसीबी, चेंबूरची पार्टी, खोकले. सुपं वाजवण्याबद्दल ते बोलले होते, तेही सांगून टाकलं. बाबा ऐकून घेत राहिले. चहावर साय धरली.

"आवाज बंद करून दाखव ते," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी मुका राक्षस तीनदा बघितला. तिसऱ्यांदा चष्मा कपाळावर चढवून, नाक स्क्रीनला टेकवून.

"हा चिडलेला नाहीये," ते म्हणाले. "आपल्याला का उठवलं, हे कळत नाहीये ह्याला. आणि तू चूक कुठे केलीस सांगू? हा आधी श्वास आत घेईल. तू नुसते सोडायला लावलेस."

स्वरदाने तीन वर्षं ह्या धंद्यात काढली, आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"पण नळ श्वास आत कसा घेणार, बाबा?"

"घेतो की! पाइप भरलेला असताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पार्किंगमधला नळ सोडायचा. पाणी खाली उतरतं, आणि वरचे उघडे नळ हवा आत ओढतात. मग खालचा नळ बंद केला आणि वरून व्हॉल्व्ह उघडला की तीच हवा बाहेर. आणि नळ ओळखू येतो कशामुळे? शेवटी फट्फट् होतं त्यामुळे. पाणी पोचायच्या आत व्हॉल्व्ह बंद केला, तर उरेल ती नुसती हवा." ते उठले. "आणि स्वयंपाकघरातला नळ काय घेऊन बसलीस? खरा आवाज पहिल्या मजल्यावर आहे. सुहासिनीवहिनींच्या मोरीत. तिथे पाइपाला वाक आहे."

त्यांनी कपाटातून तक्रारींची फाइल काढली आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. "'महोदय, आमच्या मोरीतील नळ एखाद्या आजारी माणसाप्रमाणे सुस्कारे सोडतो. ते ऐकून मनाला अतिशय यातना होतात. कृपया लक्ष घालावे.' असे नऊ अर्ज आहेत."

"बाबा, हेच!" स्वरदा ओरडली. "यातनाच पाहिजेत मला!"

पण म्हणजे विंगचं पाणी परत बंद करायचं. आजच, सकाळी चार तास बंद ठेवल्यावर, रविवारी संध्याकाळी. बाबा फाइल हातात धरून बराच वेळ उभे राहिले. अकरा वर्षांत त्यांनी कुणाला दहा मिनिटं दिली नव्हती, मग स्वतःच्या मुलीला कशी द्यायची? स्वरदाला ते समजत होतं, म्हणून तिने आग्रह धरला नाही.

"पाच ते साडेपाच," ते म्हणाले. "आणि विचारून. नाही म्हणाले तर नाही."

आणि त्यांनी स्वतः दहा दारं वाजवली. स्वरदा मागे जिन्यात उभी. चौथ्या मजल्यावर पहिलाच तोफगोळा आला, "परत? काय चेष्टा लावलीय, टिपणीस?" स्वरदाला वाटलं, आता बाबा पाइपाचं, गळतीचं काहीतरी कारण सांगतील. ते म्हणाले, "माझ्या मुलीचं काम आहे. उद्या द्यायचंय. अर्धा तास लागेल, तुमची हरकत नसेल तर." कामं वेळेवर द्यायची असतात हे सगळ्यांना कळतं, कुणी हरकत घेतली नाही. पण स्वरदाला जिन्यातच भरून आलं. सुपं नाही, कॉम्प्युटर नाही, काम म्हणाले.

सुहासिनीकाकूंना तर आनंदाचं भरतं आलं. "अकरा वर्षं ओरडतेय मी! आता रेकॉर्डच करा, पुरावा राहू दे." त्यांनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या आणि मोरीच्या दाराशी स्टुलावर ओठांवर बोट ठेवून बसल्या.

मग सगळे जागेवर गेले. कुंदाताई खाली पार्किंगमधल्या नळापाशी, बाबा वर गच्चीत व्हॉल्व्हपाशी, मोबाइलवर तो मुका राक्षस लावून. मध्ये मोरीत, नळाच्या तोंडाशी माइक धरून स्वरदा. तिघं फोनवर एकमेकांना जोडलेले. आईने खाली नळ सोडला की राक्षस श्वास आत घेणार, बाबांनी वर व्हॉल्व्ह फिरवला की सोडणार.

पहिल्या खेपेला फट्फट् करून पाणीच आलं आणि स्वरदा भिजली. दुसऱ्या खेपेला श्वास आला, पण घाईचा.

"बाबा, त्याला कुठे जायचं नाहीये. सावकाश."

"पाणी काय माझं ऐकतं होय? बरं, बघतो."

तिसऱ्या खेपेला कुंदाताई मध्येच म्हणाल्या, "मी घेऊ का श्वास?" आणि तेही रेकॉर्ड झालं. चौथ्या खेपेला कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. साडेपाच वाजून गेले. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, "सेक्रेटरी, झालं का?" एरवी घड्याळ बघून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस गच्चीच्या कठड्यावरून ओरडला, "थांबा हो जरा! श्वास चाललाय!"

सहाव्या खेपेला मात्र कुणीच काही बोललं नाही. खाली पाणी उतरलं आणि नळाने हवा आत ओढली, खोल, थरथरत, मध्ये एकदा अडखळून. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग वरून पाव फेरा, त्याच्याही पाव, असा जपून जपून बाबांनी तो श्वास सोडला. तो पाइपाच्या वाकात घुमला, लांबत गेला आणि पाणी यायच्या आत विरला. असं तीनदा. हे त्यांनी मोबाइलमधल्या त्या राक्षसाच्या छातीकडे बघत केलं होतं, हे स्वरदाला न बघता कळलं.

सुहासिनीकाकू ज्या नळावर नऊ अर्ज लिहून बसल्या होत्या, त्याच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "किती दमलाय गं हा."

सोमवारी अकराला ओजस आला. ह्या वेळी त्याने रिमोट आणला होता. "मी पोरांसारखाच बघणार," तो म्हणाला आणि सीन पुढे ढकलायच्या बटणावर अंगठा ठेवून बसला. मुकुल मागे भिंतीला टेकला. स्वरदाने आवाज सुरू केला. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिला पडद्याकडे बघवेना, म्हणून ती त्या अंगठ्याकडेच बघत राहिली.

माती घरंगळली. मुळं तुटली. अठरा. एकोणीस. वीस. राक्षसाने डोळे उघडले आणि श्वास आत घेतला. तो श्वास अडखळला तिथे ओजसने स्वतःचाही रोखून धरला. दुसऱ्या श्वासाला त्याचा अंगठा बटणावरून सरकला. तिसऱ्याला रिमोट त्याच्या मांडीवर आडवा पडला होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

सीन संपला. कुणी काही बोललं नाही. मुकुलसुद्धा नाही, म्हणजे बघा!

"परत लाव," ओजस म्हणाला. परत लावलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, मान तिरकी करून, काहीतरी सापडेल ह्या आशेने. मग मान हलवली. "नाही ओळखता येत. हे ठेवायचं. सीन तुझाच. पण हा माणूस कोण आहे? आवाज कुणी दिलाय?"

स्वरदा म्हणाली, "माझ्या बाबांनी."

"नट आहेत?"

"नाही. हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी आहेत."

"तरीच!" ओजस म्हणाला. "इतका दमलेला श्वास उगाच नाही येत." आणि मुकुल असा काही खो खो हसत सुटला की शेजारच्या गाळ्यातले लोक दारात येऊन बघून गेले. हसणं ओसरल्यावर ओजसने मोबाइल काढून बाबांचं पूर्ण नाव लिहून घेतलं, गेमच्या शेवटी नावं येतात त्यांत घालायला.

स्वरदा धावत जिन्यात गेली. तिने बाबांना फोन लावला. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा, पास झाला! आपला राक्षस पास झाला!"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बाबा?"

"ऐकतोय. सगळं आवडलं त्यांना?"

"सगळं. परत लावून ऐकलं."

"दुसरा श्वाससुद्धा?"

"हो. का?"

"नाही, म्हणजे... दुसऱ्या श्वासाला मी व्हॉल्व्ह जरा लवकर सोडला होता. सकाळपासून तेच डोक्यात आहे."

"कुणालाही कळलं नाही, बाबा. खरंच."

"मला कळलं ना. परत घ्यायचा असला तर सांग. चार वाजता विंगचं पाणी बंद करतो."